चेमा मागे वळून बघायचा

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. नागपुरात आई शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी चार सोबती गोळा करून खेड्यापाड्यांत प्रयोग दाखवायला जायची. रिकाम्या मुठीतून राख काढायची, जळता कापूर जिभेवर ठेवायची, नारळ फोडून त्यातून लाल पाणी सांडायची, आणि लोक हात जोडायला लागले की तेच सगळं पुन्हा एकदा सावकाश, कसं केलं ते सांगत करून दाखवायची. बाबा तिच्यापेक्षा शांत, पण त्याच वळणाचे. पुढे आम्ही देश सोडून हॅमिल्टनला आलो. जवळच 'ते रापा' नावाच्या भागात दूध पावडरचा मोठा कारखाना होता, तिथे बाबा मोजमापाच्या यंत्रांचे, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. ज्या गोष्टीला मीटर लावता येत नाही तिच्याबद्दल माणसाने जपून बोलावं, असं ते म्हणायचे. रविवारी सकाळी दिवाणखान्यातल्या लहानशा बुद्धमूर्तीसमोर आम्ही तिघं वंदना म्हणायचो आणि मग तर्री पोहे खायचो. मला त्या पाली ओळींचा अर्थ कळायचा नाही, पण त्यानंतर येणाऱ्या तर्रीच्या वासाशी त्या कायमच्या चिकटून बसल्या आहेत. आई-बाबा दोघंही आता नाहीत. ते असते तर हे प्रकरण मी लिहिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आमचं घर कारखान्यापासून फार लांब नव्हतं. वारा एका ठराविक दिशेने आला की सगळ्या गल्लीत गरम, गोडसर, किंचित करपलेल्या दुधाचा वास पसरायचा. वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा तो लागायचा. मोठ्या रस्त्यावरून दिवसभर दुधाचे टँकर जायचे, त्यांच्या आवाजाने कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या. आणि हिवाळ्यात धुकं. वायकाटो नदीवरून ते पहाटे चढायचं आणि कधी कधी दुपारपर्यंत हलायचं नाही. शेजारच्यांचं घर, कुंपण, आमचं लिंबाचं झाड, सगळं एकेक करून पुसलं जायचं. अशा दिवशी आवाज कुठून येतोय ते कळत नाही. जवळचा माणूस लांबून बोलल्यासारखा वाटतो आणि लांबचा कानाशी. बाबांनी मला हे एकदा नीट समजावून सांगितलं होतं, हवेचे थर, तापमान वगैरे. मी मान डोलावली होती. मी तेव्हा घरात सगळ्याला इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत सांगायचे, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. मराठी लिहायला मी फार उशिरा, स्वतःच्या मुलीबरोबर शिकले.

ज्या वर्षी देशभर रग्बी संघाच्या काळ्या रंगाचे झेंडे लागले होते, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चेमा आमच्याकडे आला. बाबांना तो इंडियन दुकानात भेटला. राजम्याचं पाकीट हातात घेऊन तो दुकानदाराला विचारत होता, "भाईसाब, ये कितना टाइम पानी में?" रुंद खांद्यांचा, पांढरट होऊ लागलेल्या दाढीचा हा गोरा माणूस हिंदी बोलताना बघून बाबा थांबले. तो स्पॅनिश होता, फुटबॉल खेळायचा, भारतात एका क्लबसाठी एक मोसम खेळून आला होता, आणि आता हॅमिल्टनच्या एका क्लबने त्याला खेळायला आणि शिकवायला बोलावलं होतं. क्लबने दिलेल्या घरात अजून पाच तरुण पोरं होती आणि त्यांच्या गाण्यांमुळे त्याला झोप येत नव्हती. आमच्या मागच्या अंगणात एक वेगळी खोली होती, इथे तिला स्लीपआऊट म्हणतात. आजी येईल म्हणून बाबांनी ती नीट करून घेतली होती आणि आजी काही आली नव्हती. बाबा अर्ध्या तासात त्याला घरी घेऊन आले. आईने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"अहो, राजमा आणायला पाठवलं होतं तुम्हाला."

"आणलाय की," बाबा म्हणाले. "हा त्याच्याबरोबर आलाय."

त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला चेमा म्हणायचे. आई शिक्षिका होती हे कळल्यापासून तो तिला 'माएस्त्रा' म्हणू लागला, त्यांच्या भाषेत मास्तरीणबाई. बाबांना 'इंजिनिअर'. मला आधी 'मैत्री' म्हणायचा प्रयत्न केला, मग माझ्या फुटबॉल टीममधल्या पोरींसारखाच 'मेट' म्हणू लागला. मितू हे माझं घरातलं नाव होतं. ते फक्त आई-बाबा वापरायचे.

तो आला आणि आमच्या घरात एका आवाजाची भर पडली. रोज सकाळी अंगणाच्या टोकाच्या लाकडी कुंपणावर चेंडू आपटायचा आवाज. धप्, आणि जरा थांबून धप्. मी शाळेचं दप्तर खांद्यावर टाकून खिडकीतून बघत राहायचे. चेंडू कुंपणावर जायचा, आणि तो परत यायच्या आत चेमा मान वळवून एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा. मागे कपडे वाळत घालायची दोरी होती, तिच्यावर आईच्या ओढण्या आणि बाबांचं कारखान्याचं चमकदार पिवळं जाकीट. दुसरं काही नाही. तरी दर वेळी तो बघायचाच.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि क्लबच्या मुलींच्या टीममध्ये मधल्या फळीत कशीबशी खेळत होते. एका सकाळी न राहवून मी मोजे घातलेल्या पायांनीच ओल्या गवतातून गेले आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने डाव्या खांद्यावरून बघितलं. कोणीतरी आहे एवढंच त्याला दिसलं असणार, कारण तो गर्रकन पूर्ण वळला, चेंडू सुटून लिंबाखाली गेला, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फक्त विमानतळावर पाहिलंय, दारातून येणाऱ्या गर्दीत आपलं माणूस दिसलंसं वाटतं तेव्हाचं. मग त्याला मी दिसले. तो हसला, अगदी लगेच हसला. पण मधे जे क्षणभर घडलं ते मी पाहिलं होतं.

"मागे का बघतोस?" मी विचारलं.

"पुढचं तर सगळ्यांनाच दिसतं, मधे खेळणाऱ्यालाही तेवढंच," तो म्हणाला. "जे मागे आहे ते ज्याला ठाऊक, तो खेळाडू. चेंडू येण्याआधी बघ. हाक आली तर वळ. नेहमी वळ. माझी शप्पथ, मेट, चेंडू गेला तरी चालेल."

त्या दिवसापासून त्याने मला शिकवायला घेतलं. मी चेंडू घेऊन पुढे जायचे आणि तो पाठीमागून ओरडायचा, "किती बोटं?" वळून सांगायचं. सांगता सांगता चेंडू हरवायचा नाही. कधी तो आईलाही उभं करायचा, आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन दोन बोटं दाखवायची आणि मी "तीन!" ओरडले की म्हणायची, "काय करून राहिली गं तू? चष्मा लागला की काय?" एका मोसमात मी वेगळीच खेळाडू झाले. कोच लोक माझ्याबद्दल आपसात बोलायला लागले. बाबा प्रत्येक मॅचला यायचे आणि बाकीच्या पालकांपासून लांब, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी, थर्मास घेऊन एकटे उभे राहायचे. ते कधी ओरडायचे नाहीत. आरडाओरडा करून पोरीचं लक्ष का विचलित करायचं, असं त्यांचं म्हणणं.

चेमाचं आयुष्य आम्हाला तुकड्यातुकड्यांत कळलं, बहुतेक जेवणाच्या टेबलावर. उत्तर स्पेनमध्ये डोंगरातल्या एका कोळसाखाणीच्या गावात तो वाढला. बाप खाणीत. मैदान खाणीच्या राखेच्या ढिगाऱ्याशेजारी, त्यामुळे पावसात काळा चिखल. त्याची आई त्याला अंघोळीला दारातच उभं करायची. तिकडे ते मोठ्या पांढऱ्या पावट्यांचं डुकराच्या मांसाबरोबर आमटीसारखं काही करतात. ते तो राजमा आणि चिकन घालून करायचा आणि चव घेऊन खिन्न व्हायचा. आईच्या पाटवडी रश्श्याला मात्र त्याने शरणागती पत्करली होती. घाम पुसत, नाक ओढत खायचा आणि म्हणायचा, "माएस्त्रा, हे जेवण नाही, ही मॅच आहे." मग वाट्या, मीठदाणी, लिंबाच्या फोडी मांडून तो जुन्या मॅचेस दाखवायचा. मीठदाणी म्हणजे तो. तिच्या मागे जरा डावीकडे नेहमी एक लिंबाची फोड असायची. ती कोण ते तो सांगायचा नाही.

ते त्याने एका रविवारी दुपारी सांगितलं. बाहेर पाऊस लागला होता, त्याची मॅच रद्द झाली होती. आई पाटवड्या थापत होती, बाबा पेपर वाचत होते आणि मी टेबलाखाली मांजरासारखी बसले होते. आईने सहज विचारलं, "ही फोड उचलू का? रश्शाला लिंबू कमी पडतंय."

"नको," चेमा म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की आईचा हात तसाच राहिला.

ती फोड म्हणजे रामोन. गावातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. दोघं त्या काळ्या चिखलात एकत्र खेळायला लागले, एकाच दिवशी एकाच क्लबने दोघांना उचललं, एकाच खोलीत राहिले, आणि दुसऱ्या श्रेणीच्या संघात मधल्या फळीत एकमेकांशेजारी उभे राहिले. चेमा पुढे, रामोन त्याच्या मागे जरा डावीकडे. रामोन हळू होता, पण त्याला सगळं दिसायचं. मागून कोणी आलं की तो चेमाला हाक मारायचा. चेमाला स्वतः मागे बघायची गरजच पडली नव्हती कधी. पाठीमागे रामोन होता.

"त्या दिवशी आम्ही जिंकत होतो," चेमा म्हणाला. "चेंडू माझ्याकडे होता. समोर मोकळी जागा. त्याने मला हाक मारली. 'चेमा.' मला वाटलं, चेंडू मागतोय. मी मनात म्हटलं, आत्ता नाही, आत्ता मी पुढे जातो. मी पुढे गेलो. शॉट मारला. गोल झाला. मी पळत सुटलो, सगळे माझ्या अंगावर पडले. मी म्हटलं, रामोन कुठे आहे."

त्याने ती लिंबाची फोड बोटाने जरा सरळ केली.

"तो चेंडू मागत नव्हता," चेमा म्हणाला.

रामोनचं हृदय बंद पडलं होतं. धावत, कुणाचा धक्का न लागता. आणि मग चेमाने जे सांगितलं ते मला त्या वयातही कळलं, आणि आज त्याचा जास्त त्रास होतो. त्यानंतर तो खेळायला लागला की त्याला मागून, जरा डावीकडून, हाक ऐकू यायची. दर वेळी तो वळायचा. आधी चेंडू सुटायचे, लोक हसायचे. मग सुटेनासे झाले. वळण्यामुळे त्याला सगळं मैदान दिसायला लागलं. पेपरवाले लिहायला लागले की या पोराला पाठीला डोळे आहेत. पहिल्या श्रेणीच्या क्लबने त्याला घेतलं. मोठमोठ्या मैदानांवर तो खेळला, टीव्हीवर तज्ज्ञ लोक पडदा थांबवून दाखवायचे, बघा, चेंडू येण्याआधी हा किती वेळा मागे बघतो. पुढे गुडघा गेला, मग सायप्रस, मग भारत, मग आमचं अंगण. "माझं सगळं करिअर," तो म्हणाला, "हे त्याचं आहे. मी फक्त वळत होतो."

बाबांनी पेपर खाली ठेवला होता. आईने हात धुतले, पुसले, आणि त्याच्या समोर बसली. मला वाटलं आता राख आणि कापूर निघणार. पण तिने ज्या आवाजात सांगितलं तो मी आजारी असतानाचा होता.

"हे बघ चेमा, मन असं करतं. मोठा धक्का बसला की कान जुनं ऐकत राहतात. त्यात तुझा दोष नाही आणि त्यात दुसरं कोणी नाही. तू डॉक्टरांशी बोललास?"

"तीन देशांतल्या."

"मग? अजून येते हाक?"

"येते."

"तू काय करतोस? कधी उत्तर देतोस?"

चेमाने नाही म्हणून मान हलवली.

"एकदा देऊन बघ," आई म्हणाली. "मोठ्याने. ओ दे त्याला. थांबेल."

"हो, थांबेल," तो म्हणाला. "म्हणूनच देत नाही, माएस्त्रा."

आई उठली आणि पुन्हा पाटवड्या थापायला लागली, आणि त्या दिवशी रस्सा लिंबाशिवायच खाल्ला आम्ही.

त्यानंतर मला घरात वेगळंच वाटू लागलं. भीती म्हणता येणार नाही. पण संध्याकाळी कपडे काढायला अंगणात गेले की मी स्लीपआऊटच्या बंद दाराच्या जरा डावीकडे बघायचे. वंदना म्हणतानाही मध्येच मान वळवायचे, आणि आई डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायची, "मितू, समोर." बाबांना मी एकदा विचारलं, "रामोन खरंच येतो का?" ते म्हणाले, "चेमाला ऐकू येतं हे खरं. बाकीचं मोजता येत नाही."

चेमाच्या तिसऱ्या हिवाळ्यात आमची टीम उपांत्य फेरीत पोचली. त्या शनिवारी सकाळी असं धुकं होतं की गाडीतून उतरल्यावर मला क्लबची इमारत दिसेना. रेफरीबाई मैदानाच्या मध्यावर उभी राहून दोन्ही गोल दिसतात का बघत होती. बराच वेळ नाही म्हणत होती, मग थोडं विरळ झालं तशी तिने शिट्टी वाजवली. बाबा नेहमीप्रमाणे आमच्या बाजूच्या डाव्या कोपऱ्याकडे निघून गेले. काही पावलं गेल्यावर त्यांचं पिवळं जाकीटही पुसलं गेलं. बाकीचे पालक पलीकडच्या बाजूला क्लबच्या छपराखाली कॉफी घेऊन उभे होते, आणि चेमाही त्याच बाजूला, रेषेवर. टीमची मॅनेजर म्हणजे आमच्या गोलकीपर टियाची आजी. तिला सगळे नॅन म्हणायचे. ती लहान खुर्ची टाकून ब्लँकेट पांघरून बसली होती.

मध्यंतर व्हायच्या आधीच धुकं पुन्हा दाटलं. शून्य-शून्य होतं. मला मध्यावर चेंडू मिळाला, मी मागे बघून घेतलं होतं, कोणी नव्हतं. समोर त्यांची बचावफळी फाटलेली होती. असा मोकळा रस्ता मला त्या मोसमात मिळाला नव्हता. मी पहिलं पाऊल टाकलं आणि मागून, डावीकडून, हाक आली.

"मितू."

मोठ्याने नाही. नेहमीच्या आवाजात, जेवायला ये म्हणावं तशी. माणसाचा, पुरुषाचा आवाज. मी विचार केला नाही. तीन मोसम माझ्या मानेला जे शिकवलं होतं ते तिने केलं. मी वळले, चेंडू पायातून सुटला, त्यांच्या कुठल्यातरी मुलीने तो नेला, आमच्या पोरी माझ्या नावाने ओरडल्या. मला दिसत काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. तरी मी त्या पांढऱ्यात धावत सुटले. टिया गोलमधून ओरडली, "मेट! कुठे चाललीस?" मी तिच्यासमोरून गेले, रेषा ओलांडली, आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापलीकडे जमिनीवर मला पिवळं काहीतरी दिसलं.

बाबा कुशीवर पडले होते. थर्मास लांब गडगडला होता. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तोंड उघडं होतं, पण श्वास असल्यासारखा वाटत नव्हता. मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही. टिया सांगते मी "चेमा" म्हणून किंचाळले. तो संपूर्ण मैदान तिरकं पार करून आला. त्या वयात, त्या गुडघ्याने, मी कोणाला तसं धावताना पाहिलेलं नाही. त्याने बाबांना पाठीवर केलं, जाकिटाची चेन ओढली, आणि छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागला, स्पॅनिशमध्ये आकडे मोजत, मोठ्याने, रडत. रामोननंतर तो ज्या ज्या देशात गेला तिथे त्याने हे शिकून घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. नॅन ब्लँकेट टाकून क्लबकडे पळाली होती. भिंतीवरच्या हिरव्या पेटीतलं हृदयाला झटका देणारं यंत्र ती घेऊन आली. यंत्र इंग्रजीत शांतपणे सूचना देत होतं. सगळ्यांनी मागे व्हा. नॅनने मला पाठीमागून घट्ट धरलं होतं आणि माझ्या केसांत ती माओरीत, इथल्या मूळच्या लोकांच्या भाषेत, काहीतरी म्हणत होती, एका लयीत, न थांबता. मला अर्थ कळत नव्हता. आमच्या रविवारच्या ओळींचाही कळायचा नाही. मी तिच्या लयीत श्वास घेत राहिले.

दुसऱ्या झटक्यानंतर बाबांचा हात हलला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आई आणि मी आणि चेमा बसलो होतो. आई इथे एका बालवाडीत काम करायची. त्या शनिवारी तिथे पोरांचा खास कार्यक्रम होता, तिथून ती तशीच आली होती, तिच्या ॲप्रनवर पोरांच्या रंगीत हातांचे ठसे. डॉक्टरीण येऊन सांगून गेली की वाचतील. पडल्याबरोबर सापडले म्हणून, अजून थोडा वेळ गेला असता तर नाही. आई माझ्याकडे वळली.

"तुला कसं कळलं गं?"

"बाबांनी हाक मारली," मी म्हटलं. मराठीत म्हटलं, ते मला म्हणून झाल्यावर लक्षात आलं.

चेमाने माझ्याकडे बघितलं. "मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"तू लांब होतास."

"टिया म्हणाली, तिलाही नाही. ती तर मध्येच होती."

"धुक्यात आवाज कसा जातो सांगता येत नाही," मी म्हटलं. हे बाबांचंच वाक्य होतं. आईने मान डोलावली. चेमाने मातीने भरलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "बाप हाक मारतो, मुलगी वळते. बस. असंच असायला पाहिजे." आणि तो चेहरा ओंजळीत घालून इतका वेळ रडला की नर्सने येऊन त्याला कोणत्या पेशंटचा नातेवाईक म्हणून विचारलं. "आमचा," आई म्हणाली.

बाबा घरी आले. आमची मॅच आम्ही हरलो होतो, त्याबद्दल कोणी माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही. आई ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, इतक्या वेळा की तिचे शब्द ठरून गेले: यांना पडता पडता पोरीची आठवण झाली, यांनी हाक मारली, तिने ऐकली. बाबा ऐकत बसायचे. ते कधी भर घालायचे नाहीत, पण ते कुठल्याच गोष्टीत भर घालायचे नाहीत.

चेमा त्या मोसमात अजून दोन मॅचेस खेळला आणि मग त्याने खेळणं सोडलं. जायच्या आधी एका सकाळी मी त्याला अंगणात पाहिलं. चेंडू पायाखाली होता, पण तो कुंपणावर मारत नव्हता. आई कपडे वाळत घालत होती. तो तिला म्हणाला, "माएस्त्रा, त्या दिवसापासून तो गप्प आहे."

आई ओला टॉवेल हातात घेऊन थांबली. "बरं झालं ना मग?"

"हो," चेमा म्हणाला. "मैदान फार मोठं वाटतं पण."

तो त्याच्या डोंगरातल्या गावी परत गेला. खाण बंद झाली होती, मैदान होतं. तिथे तो मुलांना शिकवायला लागला. बरीच वर्षं तो नाताळला फोन करायचा आणि आधी बाबांच्या हृदयाची चौकशी करायचा, मग आईच्या रश्श्याची, मग माझी. मी स्वतः शाळा संपेपर्यंत खेळले. वाईट खेळले नाही. पण तशी हाक मला पुन्हा कधी आली नाही, आणि मी वाट बघायचे असं नाही. निदान असं मी स्वतःला सांगायचे.

बाबा त्यानंतर खूप वर्षं जगले. मला मुलगी झाली, ती चालायला लागली, त्यानंतरची ही गोष्ट. मी माहेरी आले होते. बाबा उन्हात काचेच्या दाराशी बसून मटार सोलत होते. त्यांची बोटं आता हळू चालायची. माझी मुलगी आईबरोबर आत होती, आई तिला चुटकीतून राख काढून दाखवत असणार. बाबांनी एक शेंग उघडली, दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी घेतली नाही.

"मितू, एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

"मी हाक मारली नव्हती."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत.

"छातीत कळ आली आणि आवाजच गेला," ते म्हणाले. "मारायची होती हाक. तोंड उघडलं, त्यातून काही आलं नाही. तू मला दिसतसुद्धा नव्हतीस. मग मी पडलो. मला सगळं स्वच्छ आठवतंय. मी ते पुष्कळदा तपासून पाहिलंय."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलो तेव्हा तुझी आई सांगत होती, तुम्ही हाक मारली म्हणून वाचलात. ती इतकी खूश होती. चेमाही. आणि तू." त्यांनी पातेल्यातले दाणे उगाच हाताने सारखे केले. "आणि मी नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता. आपल्या घरात त्या प्रश्नाला जागा नव्हती."

तो आवाज मला तेव्हाही जसाच्या तसा ऐकू येत होता. आजही येतो. जेवायला ये म्हणावं तसा.

"मग कोण होतं, बाबा?"

आयुष्यभर मीटर लावत आलेले माझे बाबा काचेतून बाहेर बघत होते. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "एवढं म्हणायला मला इतकी वर्षं लागली बघ."

आतून आई आली, कडेवर माझी मुलगी, तिच्या नाकाला राख लागलेली. आईने पातेल्यात डोकावून पाहिलं. "एवढेच सोललेत? काय बोलून राहिले तुम्ही दोघं इतका वेळ?"

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"काही नाही गं," ते म्हणाले. "फुटबॉल."